माथ्यावरच्या पोत्याला कायद्याचे माप देणारे अण्णासाहेब

वडूज : खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वडूजच्या बाजारात एखादा दिवस नुसते उभे राहिले, तरी माल किती तऱ्हेच्या भांड्यांतून प्रवास करतो हे दिसते. ज्वारी-बाजरीचे पोते दाभण आणि सुतळीने शिवले जाते. कांदा जाळीदार पिशवीत, टोमॅटो प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, तेल पत्र्याच्या डब्यात, डिझेल लोखंडी पिंपात आणि सिमेंट पन्नास किलोच्या पिशवीत येते. पोते, क्रेट, डबा आणि पिंप पुन्हा पुन्हा रिकामे होऊन पुन्हा पुन्हा भरले जातात. मालाचा भाव शेतकऱ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सर्वांना ठाऊक असतो. रिकाम्या बारदानाचा भावही व्यापाऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो. परंतु ते भरलेले पोते उचलणाऱ्या पाठीचा हिशेब एके काळी कोणत्याच वहीत नव्हता. तो हिशेब कायद्याच्या पुस्तकात लिहून घेणारे नेते याच सातारा जिल्ह्यातले. त्यांचे नाव अण्णासाहेब पाटील.

येत्या २५ सप्टेंबरला त्यांची जयंती साजरी होईल. नवी मुंबईत दर वर्षी या दिवशी माथाडी कामगारांचा मेळावा भरतो. खटाव, माण, पाटण, जावळी या तालुक्यांतील असंख्य घरांतून कोणी ना कोणी मुंबईत ओझी वाहण्यास गेलेला आहे. त्यामुळे अण्णासाहेबांचे चरित्र या भागाला परके नाही. मात्र त्यांच्याविषयी बोलताना आंदोलने आणि राजकारण यांचीच चर्चा अधिक होते. ज्या पोत्याभोवती त्यांचे सारे आयुष्य फिरले, ते पोते बाजूला राहते.

माल आणि त्याची भांडी

मोठ्या प्रमाणावरील माल साठविण्याची आणि वाहण्याची साधने महाराष्ट्रात फार जुनी आहेत. घरात धान्यासाठी कणगी आणि बळद असे, अंगणात जमिनीखाली पेव असे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर सर्वदूर प्रसिद्ध झाली. मातीच्या पोटातील ही कोठारे एका हंगामात भरत, रिकामी होत आणि पुढच्या हंगामात पुन्हा भरत. वाहतुकीसाठी लमाणांच्या तांड्यातील बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोण्या होत्या. तेला-तुपासाठी चामड्याचे बुधले आणि पाण्यासाठी पखाली होत्या. या साऱ्या साधनांचे माप बैलाच्या ताकदीवर, घराच्या जागेवर किंवा कुटुंबाच्या गरजेवर ठरत असे.

१८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी उभी राहिली आणि पुढील काही दशकांत तागाचे पोते देशाच्या बाजारपेठेचे सार्वत्रिक भांडे बनले. त्याची कारणे व्यवहारी होती. ताग स्वस्त होता. त्याच्या विणीतून हवा खेळती राहत असल्याने धान्य चटकन घामेजत नसे. खरखरीत असल्याने थप्पी लावली तरी पोती घसरत नसत. हमालाचा आकडा त्यात सहज रुतत असे. रिकामे झाले की पोते घडी घालून परत पाठविता येई, फाटले तर शिवता येई, त्यामुळे जुन्या बारदानाचा स्वतंत्र व्यापारच उभा राहिला.

या पोत्यात एक दोष होता आणि तो व्यापाऱ्याला दोष वाटत नव्हता. त्याचे माप माणसाच्या शरीराकडे पाहून ठरलेले नव्हते. मेट्रिक मापे आल्यावर धान्य आणि साखरेचे पोते शंभर किलोंचे, म्हणजे बरोबर एका क्विंटलचे झाले. मोजणीला सोपे, हिशेबाला सोपे, शिलाईला कमी खर्चाचे. शंभर पोती म्हणजे शंभर क्विंटल. या सोयीची किंमत मात्र रोज पाठीच्या कण्याने चुकती केली जात होती. कापसाच्या दाबलेल्या गाठी आणि तेलाची दोनशे लिटरची पिंपे तर त्याहूनही जड असत. त्यांना अनेक हात एकदम लागत आणि एक हात चुकला की दुसऱ्याचा पाय जाई.

पाटणच्या खोऱ्यातून मुंबईला

अण्णासाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ रोजी पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथे झाला. पाटण हा डोंगराळ आणि धो धो पावसाचा प्रदेश, तर खटाव-माण हा पर्जन्यछायेतला, दुष्काळाने गांजलेला मुलूख. निसर्गाची तऱ्हा वेगळी असली तरी परिणाम एकच होता. डोंगरउतारावरील तुकड्यांवर कुटुंबाचे भागत नसे आणि पावसाअभावी कोरड्या राहिलेल्या शिवारातही भागत नसे. दोन्हीकडच्या तरुणांना मुंबईची वाट धरावी लागे. गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची, खानावळीत जेवायचे, मिळेल ते काम करायचे आणि महिन्याकाठी गावी मनिऑर्डर धाडायची, असा तो शिरस्ता होता.

अण्णासाहेबही तरुणपणी याच वाटेने मुंबईत आले. त्यांनी स्वतः अंगमेहनतीची कामे केली. मशीद बंदरचा किराणा बाजार, दारूखान्यातील लाकूड आणि लोखंडाच्या वखारी, कापसाची गोदामे आणि रेल्वेचे मालधक्के हे त्या काळच्या मुंबईचे पोट होते. देशभरातून आणि समुद्रापारहून आलेला माल येथे उतरे, थप्प्यांमध्ये रचला जाई आणि पुन्हा हातगाड्या व मालमोटारींवर चढे. या प्रत्येक टप्प्यावर यंत्राच्या जागी माणसाचा माथा होता. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी, हे नाव यातूनच आले.

येथे एक विसंगती होती. मुंबई बंदराच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्या गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये केंद्राने रोजगार नियमनाचा कायदा केला होता. त्यानुसार स्थापन झालेल्या मंडळामुळे त्यांची नोंदणी होत होती, कामाचे वाटप होत होते आणि काही प्रमाणात सुरक्षितता मिळाली होती. परंतु तेच पोते फाटकाबाहेर पडून मशीद बंदरच्या वखारीत आले की त्याला हात लावणाऱ्या कामगाराला कोणताही कायदा ओळखत नव्हता. पोत्याच्या वजनात एका किलोचाही फरक पडलेला नसे. फाटकाच्या आतला माणूस कामगार होता आणि बाहेरचा नुसता हमाल.

मालक नसलेला कामगार

फाटकाबाहेरच्या या कामगाराची अडचण समजून घेतल्याखेरीज अण्णासाहेबांच्या कार्याचे मोल कळणार नाही. गिरणी कामगाराला मालक होता, हजेरीपट होता, भोंगा होता. माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवी, दुपारी दुसऱ्याची गाडी भरे आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या वखारीत थप्पी लावी. मजुरी पोत्यावर ठरे. ती टोळीच्या मुकादमाच्या किंवा टोळीवाल्याच्या हाती पडे आणि त्याने आपला हिस्सा काढून घेतल्यावर उरेल ती कामगाराला मिळे. व्यापारी म्हणे हा माझा नोकर नव्हे, वाहतूकदार म्हणे माझाही नव्हे. पोते अंगावर पडून माणूस जायबंदी झाला तर नुकसानभरपाई कोणाकडे मागायची, याचे उत्तर नसे. भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा, बोनस हे शब्द त्याच्यासाठी नव्हते. चाळिशी उलटली, गुडघे आणि कंबर थकली की गावी परतायचे, हीच निवृत्ती.

अशा विखुरलेल्या माणसांची संघटना बांधणे हे जवळजवळ अशक्य मानले जात होते. अण्णासाहेबांनी १९६० च्या दशकात ते करून दाखविले. महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियनच्या झेंड्याखाली त्यांनी बाजारामागून बाजार संघटित केले. त्यांची ताकद दोन गोष्टींत होती. पहिली म्हणजे त्यांना या कामाचा स्वतःचा अनुभव होता. दुसरी म्हणजे साताऱ्याच्या गावागावांतून आलेल्या माणसांचे नातेगोते. एका गावाची एक टोळी, एका भावकीची एक खोली, असे हे जाळे आधीपासूनच होते. मुकादम त्याचा उपयोग मजूर पुरविण्यासाठी करीत, अण्णासाहेबांनी त्याचाच उपयोग संघटनेसाठी केला. बंद, मोर्चे, उपोषणे आणि तुरुंगवास हे सारे त्यांच्या वाट्याला आले. नाशवंत किंवा वेळेवर पोहोचविण्याच्या मालाने भरलेली मालमोटार चार दिवस उभी राहिली की पोत्यापेक्षा पोते उचलणारा महाग असतो, हे बाजाराच्या ध्यानात येऊ लागले.

पुण्यातही डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत याच प्रश्नांवर झुंजत होती. प्रश्न एका शहरापुरता नाही, हे शासनालाही मान्य करावे लागले. चौकशीसाठी समिती नेमण्यात आली आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ मध्ये, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम संमत झाला.

या कायद्याची रचना साधी आणि नेमकी आहे. माथाडी कामगाराला एक मालक मिळवून देणे शक्य नव्हते. म्हणून कायद्याने व्यापारी आणि कामगार यांच्यामध्ये मंडळ उभे केले. त्यावर मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापाऱ्याने नोंदणी करायची आणि कामगारानेही करायची. मजुरी व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार आणि वैद्यकीय साहाय्य दिले जाते. कापूस बाजार, किराणा बाजार, लोखंड व पोलाद, भाजीपाला बाजार अशी वेगवेगळी मंडळे पुढे अस्तित्वात आली. हमालाबरोबरच मापाडी, तोलणार आणि वारणार यांनाही संरक्षण मिळाले. अनेक मालकांकडे थोडे थोडे काम करणाऱ्या माणसालाही पूर्ण कामगाराचे हक्क देता येतात, हे या कायद्याने दाखवून दिले.

कायदा झाल्यावर अण्णासाहेब थांबले नाहीत. सावकाराच्या व्याजातून सुटका व्हावी म्हणून पतपेढी, रास्त भावात वाणसामान मिळावे म्हणून ग्राहक सोसायटी, आजारपणासाठी रुग्णालय आणि डोक्यावर छप्पर यावे म्हणून घरबांधणी असा चळवळीचा विस्तार होत गेला. घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलले, त्याबरोबर माथाडींची वस्तीही तिकडे गेली. गावकीच्या खोलीत वळकटी टाकणाऱ्या माणसांची मुले स्वतःच्या घरातून शाळा-महाविद्यालयांत जाऊ लागली.

पोते लहान झाले, पेटी मोठी झाली

मजुरी आणि भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न कायद्याने हाती घेतला, तरी वजनाचा प्रश्न उरलाच होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये, म्हणजे माथाडी कायद्याच्या दोनच वर्षे आधी, एका कामगाराने वाहावयाच्या कमाल वजनाविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. भारताने या करारास मान्यता दिली ती २०१० मध्ये. दरम्यान माथाडी संघटनांनी पोते पन्नास किलोंचे असावे, ही मागणी लावून धरली. हळूहळू धान्य, साखर यांचे शंभर किलोंचे पोते मागे पडले आणि पन्नास किलोंचे रूढ झाले. तागाच्या जोडीला प्लॅस्टिकच्या विणलेल्या पिशव्याही आल्या. भांड्याचे माप माणसाकडे पाहून ठरावे, ही गोष्ट बाजाराने उशिरा का होईना स्वीकारली.

परंतु याच काळात जगात दुसरे एक भांडे जन्माला आले होते. अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन हा मालमोटारींचा व्यावसायिक. कापसाच्या गाठी एकेक करून जहाजावर चढविल्या जात असताना तासन् तास ताटकळत राहिल्यावर, अख्खी मालमोटारच का चढवू नये, असा विचार त्याच्या मनात आल्याचे सांगितले जाते. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पोलादी पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले आणि कंटेनरचे युग सुरू झाले. सुटा माल हाताने चढविण्यास टनामागे ५ डॉलर ८६ सेंट लागत, ते पेट्यांमुळे सुमारे १६ सेंटवर आले, असा त्या काळचा हिशेब आहे. अण्णासाहेब तेव्हा बावीस वर्षांचे होते.

त्यांच्या हयातीत मुंबईच्या बाजारावर या पेटीची सावली नुकती पडू लागली होती. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले ते १९८९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. आज वीस आणि चाळीस फुटी कंटेनर क्रेनने उचलले जातात. पाचशे ते हजार किलो माल मावणाऱ्या कापडी जम्बो बॅगा फोर्कलिफ्टने हलतात. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातील हजार लिटरच्या प्लॅस्टिक टाक्यांतून रसायने जातात आणि पुन्हा भरून येतात. सुटे सिमेंट बल्करमधून थेट कोठीत उतरते. यांतील कोणतेही भांडे माणसाच्या माथ्यासाठी बनविलेले नाही. शंभर किलोंच्या पोत्याने माणसाची कंबर मोडली, हजार किलोंच्या जम्बो बॅगेने त्याचे ओझे नेले आणि ओझ्याबरोबर रोजगारही नेला.

तरीही हे चित्र पूर्ण नाही. पेटी क्रेनने उचलली जाते हे खरे, पण तिच्या पोटात कांद्याच्या पिशव्या, तांदळाची पोती किंवा खोकी रचलेली असतील तर ती पुष्कळदा माणसांनीच रचलेली असतात आणि माणसेच ती उतरवितात. उन्हात तापलेल्या पोलादी पेटीत शिरून थप्पी फोडणे हे उघड्या वखारीतील कामाहून सोपे नाही. जहाजावरचे ओझे गेले आणि ते शहराबाहेरच्या गोदामांत, ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्या, बहुधा परप्रांतातून आलेल्या मजुराच्या माथ्यावर आले. पन्नासच्या दशकात बंदराच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सातारकराची जी अवस्था होती, तिच्याशी या मजुराच्या अवस्थेचे साम्य लपत नाही.

अखेरचा मोर्चा

काँग्रेसतर्फे विधान परिषदेचे सदस्य झालेले अण्णासाहेब आयुष्याच्या अखेरच्या पर्वात मराठा समाजाच्या आर्थिक प्रश्नांकडे वळले. त्यामागेही मशीद बंदरचा अनुभव होता. ओझी वाहणाऱ्यांत बहुसंख्य लोक शेतकरी मराठा कुटुंबांतले होते आणि जातीचा मोठेपणा त्यांच्या पाठीवरील भार हलका करीत नव्हता, हे त्यांनी रोज पाहिले होते. मराठा महासंघाच्या माध्यमातून त्यांनी आर्थिक निकषावर आरक्षणाची मागणी मांडली. २२ मार्च १९८२ रोजी या मागणीसाठी मुंबईत विधान भवनावर विराट मोर्चा नेण्यात आला. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी, २३ मार्च १९८२ रोजी, अण्णासाहेबांनी स्वतःचे जीवन संपविले. ते अवघे ४८ वर्षांचे होते.

त्या घटनेकडे बलिदान म्हणून पाहणारे अनेक आहेत. परंतु हजारो कामगारांना उद्याची खात्री मिळवून देणारा माणूस स्वतःच्या उद्याविषयी इतका निराश व्हावा, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील मोठी हानी होती. ते आणखी वीस वर्षे जगते, तर पोत्याकडून पेटीकडे जाणाऱ्या बाजारात कामगाराची बाजू त्यांनी कशी मांडली असती, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. त्यांच्या नावाने १९९८ मध्ये आर्थिक मागास विकास महामंडळ स्थापन झाले. तरुणांना व्यवसायासाठी कर्ज मिळविताना आज त्यांचे नाव उच्चारले जाते.

माथाडी कायद्याविषयी तक्रारीही आहेत आणि त्या दडविण्याचे कारण नाही. काम न करता माथाडीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध उद्योजकांनी वेळोवेळी आवाज उठविला आहे. खऱ्या कामगारांच्या संघटनांनीही अशा मंडळींपासून स्वतःला वेगळे ठेवले आहे. कायद्याचा गैरवापर रोखला पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. मात्र रोगाबरोबर रोगीही जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागेल. लेव्हीच्या चार पैशांवर ज्याचे म्हातारपण उभे आहे, त्याने आयुष्यभर प्रामाणिकपणे पोती वाहिलेली आहेत.

खटाव आणि पाटणच्या गावांतून फिरताना मुंबईहून निवृत्त होऊन आलेले माथाडी भेटतात. कोणाची मान कायमची कलती झालेली असते, कोणाच्या खांद्यावर घट्टा असतो. परंतु बँकेत भविष्य निर्वाह निधीची रक्कम आलेली असते, मुलगी शिकलेली असते, घराला स्लॅब पडलेला असतो. त्यांच्या वडिलांच्या पिढीने तेवढेच ओझे वाहून गावी केवळ दुखणे आणले होते. पोते तेच, वाट तीच. या दोन पिढ्यांमधला फरक अण्णासाहेबांनी घडविला.

वडूजच्या बाजारात संध्याकाळी रिकामी पोती झटकून, घडी घालून गठ्ठ्यात बांधली जातात. उद्या ती पुन्हा भरतील. पोते झिजले की ठिगळ लावता येते किंवा नवे आणता येते. ते वाहणाऱ्या माणसाला दुसरी पाठ मिळत नाही, ही साधी गोष्ट एका माथाडी कामगाराने राज्याला कायद्याच्या भाषेत समजावून सांगितली. कंटेनरच्या पोटात शिरणाऱ्या नव्या मजुराच्या बाबतीत ती पुन्हा समजावून सांगण्याची वेळ आता आलेली आहे.